थंडीत ढोलकी लांब जाती

30 जानेवारी 1969 ला भर दुपारी बीटल्स लंडनमधल्या स्वतःच्या ऑफिसच्या गच्चीवर चढले आणि कुणाला काही न सांगता वाजवायला लागले. हवा सातेक अंशांची, त्यात गच्चीवरचा वारा. जॉन लेननने योको ओनोचा फरचा कोट अंगात चढवला होता, रिंगो स्टारने बायकोचा लाल रेनकोट. बोटं गारठलीत, कॉर्ड धरता येत नाहीत, असं लेनन वाजवता वाजवताच बोलून गेला. खाली रस्त्यावर गर्दी, आजूबाजूच्या ऑफिसांतून तक्रारी, मग पोलीस. 42 मिनिटांत खेळ खलास. चौघांनी मिळून लोकांसमोर वाजवलेलं ते शेवटचं.

हे बीटल्सपुराण इथे का? तर कडाक्याची थंडी, उघड्यावरचा कार्यक्रम, नको तिथवर गेलेला आवाज आणि शेवटी कायदा, या चारही गोष्टी जुळून येतात असा कार्यक्रम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय. सातारा-सांगलीकडच्या जत्रांतला तमाशा. फरक एवढाच की तो 42 मिनिटं नाही, रात्री जेवणं उरकल्यापासून तांबडं फुटेपर्यंत चालायचा. आणि त्याला एक असा प्रेक्षकवर्ग होता जो तिथे कधी गेलाच नाही. त्याच्याबद्दल मला आज लिहायचंय.

माझी पीएचडी हवेच्या अगदी खालच्या थरावर आहे. जमिनीपासून शे-दोनशे मीटरपर्यंतची हवा रात्री कशी थंड होते, एवढाच विषय. घरी सांगितलं तर लोक म्हणतात, "म्हणजे हवामान खातं का?" तसं नाही, पण असू दे. विषय निवडला तेव्हा गाइडला मी बरीच भारदस्त कारणं सांगितली होती. खरं कारण माझी आजी आहे. आमचं गाव खटाव तालुक्यात. आजी आयुष्यात एकदाही तमाशाला गेलेली नाही. आमच्याच काय, आसपासच्या कुठल्याही घरातल्या बायका जात नसत. पण तिला कुठला वग कुठल्या वळणावर रंगतो, कुठल्या फडाच्या ढोलकीवाल्याचा हात कसा आहे, सगळं ठाऊक. लहानपणी मी विचारलं होतं, तुला कसं कळतं? ती म्हणाली, "थंडीत ढोलकी लांब जाती गं. उन्हाळ्यात पल्याडच्या आळीतलं बी ऐकू येत न्हाई."

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केल्यावर हे वाक्य पुन्हा आठवलं आणि लक्षात आलं की म्हातारी शंभर टक्के बरोबर आहे.

आधी इतिहासातलं थोडं. आज आपण सातारा आणि सांगली असं वेगवेगळं म्हणतो, पण सांगली जिल्हा झाला 1949 साली, तोही 'दक्षिण सातारा' या नावाने. सांगली हे नाव 1960 ला मिळालं. त्याआधीच्या नोंदींत वाळवा तालुक्यातली माणसं 'सातारा जिल्ह्यातली' म्हणूनच येतात. या एका वाळवा तालुक्याने तमाशाला काय दिलंय बघा. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म 1866. ब्राह्मणाच्या घरातला, कुलकर्णीपणाचं वतन असलेला हा माणूस घरदार, वतन, जात सगळं मागे टाकून फडात उभा राहिला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्यांच्यासोबत उभी राहिलेली पवळा महार समाजातली. या जोडीवरून त्या काळात किती गदारोळ झाला असेल याची कल्पना तुम्हीच करा. पुढे त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांनी नात्यातल्या बापू साठेंच्या फडात तमाशा शिकला आणि 1944 साली अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढून तोच तमाशा मुंबईच्या गिरणगावातल्या मैदानांवर नेला. मिरज तालुक्यातलं कवलापूर म्हणजे शिवा-संभा आणि पुढे काळू-बाळू. 'जहरी प्याला'तले त्यांचे हवालदार आठवून आजही पन्नाशीपुढची माणसं हसायला लागतात.

आता ही सगळी कला उघड्यावरची का? सगळी नाही. वाईच्या यमुनाबाईंची बैठकीची लावणी घ्या. 2012 ला त्यांना पद्मश्री मिळाली. ती लावणी छपराखालची, गादी-तक्क्यांची, समोर बसलेल्या मोजक्या माणसांसाठी असलेली. भुवई उडवली तरी दिसली पाहिजे अशी. सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तेही संस्थानिकांच्या आश्रयाने. ढोलकी फडाला ना राजा ना छप्पर. गावाबाहेरचं रान, पूर्वी मशाली, मग गॅसबत्त्या, मग जनरेटर. तिकिटाचा खेळ असेल तर चारी बाजूंनी कनात, पण वर आभाळच.

आणि थंडी का? तीही कुणी हौसेने निवडलेली नाही. पावसाळ्यात उघड्यावर खेळ होणार कसा? म्हणून फड दसऱ्याला बाहेर पडतात. तोवर बाजरी घरात आलेली असते, हातात चार पैसे असतात, आणि जत्रा सुरू होतात. म्हसवडचा सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षाच्या पहिल्याच दिवशी. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षातच. कराड तालुक्यात पालीला खंडोबा-म्हाळसेचं लग्न पौषात. चैत्रातल्या जत्रा आणखी मोठ्या, फडांची खरी कमाई तिथे, हे खरंय. पण नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ म्हणजे उघड्या माळावर, नदीच्या काठाला, रात्रभर बसायचं.

'गोठवणारी थंडी' म्हटल्यावर काश्मीरवाले हसतील. साताऱ्यात पारा दहा-बाराच्या आसपास, फार तर एक आकडी. पण यात एक मेख आहे, आणि ती माझ्या विषयातली आहे म्हणून जरा थांबते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. त्याच बातमीत किमान तापमान सहा-सात अंश दिलेलं असतं. मग बर्फ कसा झाला? कारण हवामान खात्याचा थर्मामीटर जमिनीपासून चारेक फुटांवर, लाकडी पेटीत असतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आभाळाकडे फेकत राहते आणि सगळ्यात आधी स्वतः गार होते, मग तिला टेकलेली हवा. वरची हवा त्यामानाने उबदार राहते. गार हवा जड, ती उतारावरून ओघळत खोलगट जागी साचते. तलाव खोलगटात. झाला बर्फ. पेपरातला आकडाही बरोबर, फोटोही बरोबर.

तमाशाला हे लावून बघा. जत्रेची देवळं बऱ्याचदा नदीकाठी, म्हणजे सखल भागात. पाली तारळी नदीवर, म्हसवड माणगंगेवर. नाचणारी बाई स्टेजवर, चार-पाच फूट उंच, आणि नाचतेय. प्रेक्षक जमिनीवर बसलेला, म्हणजे बरोबर त्या सगळ्यात गार थरात. म्हणून घोंगडं, कानटोपी, मफलर, बुडाखाली पोतं नाहीतर उसाचं पाचट. पाचटात हवा अडकून राहते, जमिनीचा गारठा वर येत नाही. हे कुणी पुस्तकात वाचून केलेलं नाही. पण स्टेजवरच्या बाईचं थंडीपासून फार भलं झालं असं समजू नका. पातळ नऊवारी, उघडे हात, आणि खेळ संपल्यावर झोपायला राहुटी किंवा ट्रक. प्रेक्षक पहाटे घरी जाऊन गोधडीत शिरायचा, फड पुढच्या गावाच्या रस्त्याला लागायचा.

गारठ्याचा त्रास वाद्यांनाही व्हायचा आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळ्या दिशेने. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. 30 अंशांना सेकंदाला साधारण 349 मीटर, 10 अंशांना 337. त्यामुळे फुंकून वाजवायची वाद्यं थंडीत उतरतात. सनई, क्लॅरिनेट कागदावर हार्मोनियमच्या एका पट्टीच्या निम्म्याहून जरा जास्तच खाली जाते. (वाजवणाऱ्याच्या उबदार श्वासाने त्यातलं बरंचसं सावरतं, म्हणून फुंकत राहायचं.) तुणतुण्याची तार उलट आकसते, ताणते, चढते. ढोलकी-हलगीचं कातडं रात्रीच्या दमटपणाने ओलं होऊन सैल पडतं. म्हणून हलगीवाला शेकोटीपाशी हलगी धरून तापवत बसलेला दिसतो. बाहेरच्याला वाटतं, गडी हात शेकतोय. हार्मोनियमची पट्टी पोलादी-पितळी, ती जवळपास जागची हलत नाही, आणि बाकीचे तिघे तिच्याभोवती वर-खाली पळतायत. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. पण दहा अंशांत, दवात, रात्रभर तुणतुणं सुरात ठेवणाऱ्या हातांना कुठलं मानांकन, असा आपला माझा एक खवचट प्रश्न.

आता आजीच्या वाक्याकडे.

आवाज सरळ रेषेत जातो असं आपण शाळेत शिकतो. हवा सगळीकडे सारख्या तापमानाची असेल तरच ते खरं. दिवसा जमीन तापलेली, वर हवा गार. म्हणजे खाली आवाज जोरात पळतो, वर हळू. बैलगाडीचं एक चाक चिखलात अडकलं की गाडी त्या बाजूला वळते ना, तसा आवाज हळू बाजूकडे, म्हणजे वर, वळतो. काही अंतरावर तो तुमच्या डोक्यावरून निघून गेलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात पल्याडच्या आळीतलं ऐकू येत नाही. थंडीच्या रात्री सगळं उलटं. खाली गार, वर उबदार. आवाज वर जायला निघाला की वाकून परत खाली येतो.

किती वाकतो ते काढता येतं. चांगली थंडी पडलीय, वारा नाही, आणि दर 10 मीटर उंचीला तापमान एक अंशाने वाढतंय असं धरा. मग जो आवाज तमाशापासून दोन किलोमीटरवर उतरणार आहे, तो मध्ये साधारण 90 मीटर वर जाऊन येतो. मधली घरं, झाडं, बारा फुटी ऊस, सगळ्यांच्या डोक्यावरून. जवळचं गाव साधारण एवढंच लांब असतं.

हे विज्ञान काही नवं नाही. 1820 च्या सुमारास मद्रासच्या वेधशाळेतले जॉन गोल्डिंगहॅम तोफांचा जाळ दिसल्यापासून बार ऐकू येईपर्यंतची सेकंदं महिनोन्‌महिने मोजत होते, आणि हवा तापली की आवाज लवकर पोचतो हे त्यांच्या आकड्यांत दिसत होतं. आवाज वाकतो हे 1870 च्या दशकात ऑसबोर्न रेनॉल्ड्सने नीट मांडलं. आज आम्ही सोडार नावाचं यंत्र वापरतो, ते आभाळाकडे टुंई आवाज सोडतं आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून कुठल्या उंचीवर काय चाललंय ते सांगतं. माझ्या आजीची गच्ची म्हणजे उलटं ठेवलेलं सोडारच होती.

गच्चीवर कोण बसायचं? आजी, तिच्या जावा, शेजारच्या दोघीतिघी. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या निमित्ताने, किंवा काहीच निमित्त न काढता, गोधड्या गुंडाळून. घरातले पुरुष सगळे तमाशाला गेलेले, म्हणजे विचारणारं कुणी नाही. मी आजीला खोदून खोदून विचारलं, नक्की काय ऐकू यायचं? शब्द ऐकू यायचे का? ती म्हणाली, शब्द सगळे न्हाई. ढोलकी, हलगी, सुरत्यांचं 'जी जी', बाईनं लावलेला उंच सूर, आणि माणसांचं हसणं.

हेही गणिताला धरून आहे. हवा बारीक, टोकदार आवाज लवकर खाते. क, त, स ही व्यंजनं म्हणजे असेच आवाज. किलोमीटरभरात त्यांचा चुरा होतो. लांबवलेले स्वर आणि ढोलकीचा घुमारा मात्र तग धरतो. माइक येण्याआधीच्या फडांत सुरत्ये ओळीचं शेवटचं टोक पकडून ताणायचे आणि गाणारे चढ्या पट्टीत, मोकळ्या गळ्यानं गायचे, ते मागच्या रांगेसाठी. पण त्याचा फायदा दोन किलोमीटरवरच्या रांगेलाही झाला. शब्दांची गाळलेली जागा दुसऱ्या दिवशी भरली जायची. विहिरीवर, भांगलणीला, कुणाच्या तरी नवऱ्याने सांगितलेलं कुणीतरी सांगायचं. कुठे हसले होते हे बायकांना आधीच माहीत असायचं, का हसले ते नंतर कळायचं.

आणखी एक. तमाशाचा क्रम ठरलेला: गण, गवळण, बतावणी, लावण्या, आणि मग वग. वग मध्यरात्रीनंतर उभा राहायचा आणि त्याचा शेवट पहाटे व्हायचा. रात्रीचं सगळ्यात कमी तापमान येतं ते मध्यरात्री नाही, सूर्य उगवायच्या थोडं आधी. तोवर तो गार हवेचा थर जाड होत जातो. म्हणजे कथेचा कळस आणि आवाज सगळ्यात लांब जाण्याची वेळ एकच. गवळण कदाचित शेजारच्या वस्तीपर्यंतच पोचत असेल, पण वगाचा शेवट पुढच्या गावाला. वग लिहिणाऱ्यांच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही. पण आजीला गवळणी फारशा येत नाहीत आणि वग येतात, याचा अर्थ मी तरी असा लावते.

मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. 2005 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं आणखी घट्ट केलं. पुण्यात 1953 पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव ठाऊक असेल तुम्हाला. डिसेंबरच्या थंडीत शाली गुंडाळून पहाटेचे राग ऐकायचे, तेही याच नियमाने गेलं. तिथे निदान सकाळची सत्रं ठेवता आली. तमाशाचं तसं नाही. दिवसाउजेडी वग कोण बघणार? संध्याकाळी अंधार पडल्यापासून दहापर्यंत जेमतेम तीन तास. त्यात प्रेक्षकांना गाणी हवीत, तीही सिनेमातली. कात्री लागली ती वगाला.

मी या नियमाच्या विरोधात आहे का? नाही. हे लिहिताना मला सोपं जात नाहीये, पण नाही. बारावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मी स्वतः कानात कापूस घालून झोपलेय. जो थर आजीला वग आणून द्यायचा तोच दोन किलोमीटरवरच्या आजारी माणसाला, तान्ह्या बाळालाही आणून देतो; भौतिकशास्त्र प्रेक्षक निवडत नाही. आणि आजचा डीजे ढोलकीच्या कितीतरी पट मोठा. पण नियम ठरवताना फक्त किती डेसिबल आणि किती वाजता एवढंच पाहिलं गेलं. दहा वाजल्यानंतरच ज्याचा जीव सुरू होतो अशी एक कला आहे, ती वर्षातून एक रात्र एका गावात येते, याचा हिशेब त्यात बसला नाही. पंधरा दिवसांची सूट बहुतेक मोठ्या सणांतच संपते. आणि गच्चीवरच्या बायका तर कुठल्याच हिशेबात नव्हत्या. त्यांनी तिकीट काढलेलं नव्हतं.

मेटॅलिका या बँडने 8 डिसेंबर 2013 ला अंटार्क्टिकावर कार्यक्रम केला. घुमटाकार तंबू, शंभर-सव्वाशे प्रेक्षक, आणि तिथल्या निसर्गाला त्रास नको म्हणून स्पीकरच नाहीत. प्रत्येकाच्या कानाला हेडफोन. एका मित्राने मला सुचवलं, तमाशालाही हेच करा की, रात्रभर चालवा. मी आजीला हे सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग आमाला कसं ऐकू येणार?"

गेल्या पौषात मी घरी होते. शेजारच्या गावची जत्रा. आजी आता जिना चढत नाही, पण त्या रात्री चढली. मी सवयीने दोन थर्मामीटर घेतले होते, एक फरशीवर ठेवायला, एक कठड्याच्या काठीला बांधायला. तुम्हीही एखाद्या निरभ्र रात्री करून बघा, वरचा आणि खालचा आकडा वेगळा येतो. वारा अजिबात नव्हता. आठच्या सुमारास ढोलकी ऐकू यायला लागली, नऊनंतर स्पष्ट. आजी मांडीवर बोटांनी ताल धरून बसली होती. मग एकदम सगळं थांबलं. मी मोबाइल बघितला, दहाला दोन मिनिटं कमी होती.

आजी थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "लाइट गेली वाटतं त्यांची. येईल, थांब."

आम्ही अर्धा तास थांबलो. फरशीवरचा पारा तेवढ्यात आणखी एक अंश उतरला.